ग्राहकांच्या नोंदी वेब सर्व्हिसवरून डेटाबेसमध्ये आणायच्या, तर कॉल केव्हा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेटाबेस ओरॅकल १९सी. १२,००० ग्राहकांची मूळ माहिती आता दुसऱ्या यंत्रणेत गेली आहे आणि ती फक्त वेब सर्व्हिसमधून (एका प्रोग्रामने दुसऱ्याला नेटवर्कवरून विचारायची सोय) जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) स्वरूपात मिळते. त्यासाठी तुम्ही पीएल-एसक्यूएलमध्ये (ओरॅकलची स्वतःची प्रोग्रामिंग भाषा) एक फंक्शन लिहिलं आहे: ग्राहक क्रमांक द्यायचा, आत यूटीएल-एचटीटीपी (ओरॅकलचं वेब कॉल करायचं पॅकेज) वापरून कॉल होतो आणि नाव, पत्ता परत येतो. वीस ओळींवर ते छान चाललं. प्रॉडक्शनमध्ये ८,००० बिलांच्या रिपोर्टवर लावलं तर रिपोर्ट संपतच नाही, मधूनच ओआरए-२९२७३ हा ओरॅकलचा एरर येतो, काही नावं रिकामी दिसतात तर काहींच्या जागी विचित्र अक्षरं. शेवटी तुम्ही विचारलं आहे, की हे काम डेटाबेसमधून करावं तरी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. करता येतं, आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं विनातक्रार चालतं. तुमच्याकडे वेगळा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर असेल, तो सांभाळणारी माणसं असतील, तर कॉल तिथून करून डेटाबेसमध्ये फक्त तयार नोंदी टाकणं मला जास्त आवडेल. पण टीमला पीएल-एसक्यूएल उत्तम येतं आणि बाकी काहीच हाताशी नाही, अशा ठिकाणी केवळ नियम म्हणून एक नवी यंत्रणा उभी करायची आणि ती कुणीच सांभाळायची नाही, हे त्याहून वाईट. मी दोन्ही प्रकारे काम केलं आहे. फसलेली कामं आठवली तर त्यांचं कारण कॉल कुठून केला हे नव्हतं, तो केव्हा केला हे होतं.

तुमची खरी अडचण तीच आहे. माहिती आणणं आणि माहिती वाचणं ही दोन कामं तुम्ही एकाच फंक्शनमध्ये बांधली आहेत. सिलेक्टमध्ये, म्हणजे ओळी वाचणाऱ्या क्वेरीत, फंक्शन लिहिलं की ते ओळीगणिक चालतं. एका कॉलला ३०० मिलिसेकंद धरले तर ८,००० ओळींना २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं लागतात, तेही सगळे कॉल सुरळीत झाले तर. फंक्शन व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या अटीत) असेल तर ते किती वेळा चालेल हे ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, ठरवणार. आज ८,००० वेळा, उद्या प्लॅन बदलला की लाखभर वेळा. समोरच्या सर्व्हिसला हा माऱ्यासारखाच दिसतो. ती ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या, असा स्टेटस कोड) पाठवून तुम्हाला थोपवते किंवा उत्तर द्यायला वेळ लावते. यूटीएल-एचटीटीपीचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, त्यामुळे अडकलेला एकेक कॉल एकेक मिनिट खातो. शिवाय रिस्पॉन्स नीट बंद न करता एक्सेप्शनमध्ये (एरर आल्यामुळे) बाहेर पडलात तर कनेक्शन उघडंच राहतं. एका सेशनमध्ये अशा पाचच रिक्वेस्ट उघड्या राहू शकतात, सहाव्याला ओआरए-२९२७० येतो. एक्सेप्शनच्या भागातसुद्धा एंड-रिस्पॉन्स (रिस्पॉन्स बंद करणारी ओळ) लिहिलं आहे ना, हे आजच तपासा.

ओआरए-२९२७३ हे नुसतं वरचं वेष्टन आहे. "एचटीटीपी रिक्वेस्ट फसली" एवढंच ते सांगतं, खरं कारण त्याच्याखालच्या ओळीत असतं. लॉगमध्ये पूर्ण एरर स्टॅक लिहा, पहिली ओळ नको. खाली २४२४७ असेल तर त्या युजरला त्या होस्टवर जायची परवानगीच नाही. ११जीपासून ही परवानगी एसीएलमधून (कोण कुठे जाऊ शकतो याची यादी) वेगळी द्यावी लागते. २९०२४ असेल तर सर्टिफिकेट पटलं नाही, म्हणजे वॉलेट (ओरॅकलची विश्वासू सर्टिफिकेटं ठेवायची जागा) पाहायचं. २९२७६ असेल तर टाइमआउट. तुम्हाला एरर मधूनमधून येतो म्हणता, तेव्हा माझा अंदाज टाइमआउटचा आहे. परवानगी किंवा सर्टिफिकेटची अडचण असती तर एकही कॉल गेला नसता.

"पोस्टमनमध्ये चालतं, डेटाबेसमध्ये चालत नाही" ही तक्रारही इथूनच येते. पोस्टमन, म्हणजे वेब सर्व्हिस हाताने तपासायचं साधन, तुमच्या लॅपटॉपवरून जातो. यूटीएल-एचटीटीपीचा कॉल डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथून निघतो. त्या मशीनचं डीएनएस वेगळं, प्रॉक्सी वेगळा, फायरवॉल वेगळी, आणि ब्राउझरकडे असलेली विश्वासू सर्टिफिकेटं तिथे नाहीत, ती वॉलेटमध्ये आपण टाकायची. टाकताना रूट आणि मधल्या अधिकृत संस्थेचंच सर्टिफिकेट टाका. त्या साइटचं स्वतःचं टाकू नका; ते ठरावीक काळाने बदलतं. डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे) परवानगी मागताना एकच होस्ट, पोर्ट ४४३ आणि एकच स्कीमा (डेटाबेसचा युजर) एवढंच मागा. होस्टच्या जागी तारा (*) टाकून सगळं जग उघडं करून घेतलेले डेटाबेस मी पाहिले आहेत. ग्राहकांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये आहे तिथून कुठेही बाहेर जाता येणं ही फार मोठी जोखीम आहे.

आता रचनेकडे येतो. माझ्याकडे हे काम तीन टप्प्यांत असतं आणि ते तीन टप्पे मी कधीच एकत्र करत नाही. एक जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) फक्त आणतो आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं कच्च्या टेबलात ठेवतो: पेज क्रमांक, स्टेटस, वेळ आणि पूर्ण जेसन. दुसरा टप्पा त्या जेसनमधून कॉलम काढून स्टेजिंग, म्हणजे मधल्या, टेबलात भरतो. तिसरा मर्ज करून (आहेत त्या ओळी बदलून, नव्या जोडून) ग्राहकांच्या खऱ्या टेबलात नेतो. रिपोर्ट, स्क्रीन, बाकीच्या प्रोसिजर सगळ्या त्या खऱ्या टेबलावरून वाचतात, सर्व्हिसशी त्यांचा संबंध नाही. तुमचे एकूण ग्राहक १२,००० आहेत. सर्व्हिस एका पेजला ५०० देत असेल तर २४ कॉलमध्ये सगळे येतात. प्रत्येकाला दोन सेकंद लागले तरी मिनिटाच्या आत काम झालं, आणि मग रिपोर्ट साध्या जॉइनवर चालतो.

कच्चं जेसन ठेवण्याचा कंटाळा करू नका. महिन्याभराने कुणी विचारतं, "या ग्राहकाचा पत्ता असा कसा आला?" तेव्हा चूक समोरून आली की आपल्या पार्सिंगमध्ये झाली हे सांगणारा तो एकमेव पुरावा असतो. मात्र त्यात लोकांची खासगी माहिती असते, म्हणून तीस दिवसांनी ते पुसणारा जॉबही त्याच दिवशी लिहा. आणि जे कॉलम लागत नाहीत ते खऱ्या टेबलात आणूच नका. जन्मतारीख सर्व्हिस देते म्हणून साठवायची, असं नसतं.

तुमची रिकामी नावं आणि विचित्र अक्षरं हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे एकही एरर न येता माहिती बिघडते. जेसन हे यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) पाठवायचं असतं, म्हणून बहुतेक सर्व्हिस हेडरमध्ये (उत्तराच्या आधीच्या माहितीत) कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने लिहिली ते, लिहीत नाहीत. हेडरमध्ये तो नसला की यूटीएल-एचटीटीपी आपल्या मनाने आयएसओ-८८५९-१ धरतं. इंग्रजी नावं दोन्हींत सारखीच असल्याने ती नीट दिसतात, बाकी सगळ्या लिप्यांची वाट लागते. रिस्पॉन्स वाचायच्या आधी बॉडी-कॅरसेट यूटीएफ-८ आहे असं सांगा, म्हणजे विचित्र अक्षरं जातील. तुमच्या डेटाबेसचा स्वतःचा कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ आहे का, हेही पाहून घ्या. नसेल तर ती अक्षरं मावायला बहुधा जागाच नाही. तुम्ही पोस्ट करून, म्हणजे रिक्वेस्टच्या बॉडीत मजकूर पाठवून, शोध घेत असाल तर कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी) अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजा. अक्षरांत मोजली तर आकडा कमी भरतो आणि बॉडीचा शेवट समोर पोचत नाही.

रिकाम्या नावांमागे बहुधा जेसन-टेबल, म्हणजे जेसनमधून ओळी आणि कॉलम काढणारं फंक्शन, आहे. त्याचं ठरलेलं वागणं असं, की एखादं मूल्य कॉलममध्ये बसलं नाही तर एरर न देता तिथे नल (रिकामी जागा) ठेवायचा. आता गंमत पाहा. तुम्ही कॉलम व्हारकार२ (४०) लिहिला असेल तर सहसा ते ४० बाइट असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे १३ चिन्हांपुढे गेलेलं नाव त्यात मावत नाही आणि पूर्णच्या पूर्ण नाहीसं होतं. कापलेलं तरी दिसलं असतं! लांबी बाइटऐवजी कारमध्ये, म्हणजे चिन्हांच्या संख्येत, लिहा, ऐसपैस लिहा, आणि प्रत्येक कॉलमवर एरर-ऑन-एरर (बसलं नाही तर एरर दे) लावा. जी फील्ड खरोखर कधीकधी येत नाही, तिला नल-ऑन-एम्प्टी वेगळं सांगता येतं. "आलंच नाही" आणि "आलं पण बसलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच राहू द्या. फोन नंबर, पोस्टाचा कोड, ग्राहक क्रमांक हे आकड्यांनी बनलेले असले तरी मजकूर म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात.

याच जातीची दुसरी चूक त्याहून घातक आहे. ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०३ (सर्व्हिस सध्या बंद) आला तरी यूटीएल-एचटीटीपी आपणहून एक्सेप्शन उठवत नाही. स्टेटस कोड आपण तपासायचा असतो. तो तपासला नाही तर एररचं एचटीएमएल पानच जेसन समजून पुढे जातं. जेसन-टेबलला ते वाचता येत नाही आणि ते निमूटपणे शून्य ओळी देतं. तुमच्या प्रोग्रामच्या लेखी अर्थ होतो: ग्राहक नाहीत. म्हणून स्टेटस २०० (सगळं ठीक) नसेल तर तिथेच थांबायचं, आणि कच्च्या टेबलावर इज-जेसन ही चेक कन्स्ट्रेंट (मजकूर खरंच जेसन आहे का हे पाहणारी अट) लावायची. चुकीचं उत्तर आत येताच दारात अडलं पाहिजे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळे मी या कामाची पद्धतच बदलली. एका कामात आम्ही पेजला ५०० नोंदी मागत होतो आणि लूपची अट अशी होती: ५०० पेक्षा कमी आल्या की ते शेवटचं पेज. अनेक महिने बरोबर चाललं. मग सर्व्हिस चालवणाऱ्यांनी पेजची कमाल मर्यादा १०० केली. आम्ही ५०० मागितल्या, १०० आल्या, स्टेटस २००, जेसन उत्तम. लूपने ठरवलं की संपलं. त्यापुढची पायरी होती "जे ग्राहक आले नाहीत ते निष्क्रिय करा". रात्रीत जवळपास सगळे ग्राहक निष्क्रिय झाले आणि सकाळी कुणालाच ऑर्डर घेता येईना. जुनं परत आणता आलं, पण त्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या लोकांना जो त्रास झाला तो मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कधी सोडत नाही. आलेल्या ओळी मोजून शेवट ठरवायचा नाही. सर्व्हिस "पुढचं पेज" असा दुवा किंवा कर्सर (पुढे कुठून वाचायचं याची खूण) देत असेल तर तो संपेपर्यंत जायचं, आणि ती एकूण संख्या देत असेल तर शेवटी ती जुळवायची. दुसरं म्हणजे, आणणं पूर्ण झालं अशी खूण एका वेगळ्या टेबलात पडल्याशिवाय निष्क्रिय करण्याची पायरी सुरूच होत नाही. खूण असली तरी एका फेरीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त ग्राहक निष्क्रिय होणार असतील, मी दोन टक्के धरतो, तर जॉब थांबतो आणि माणसाला विचारतो.

पेज क्रमांकावर चालणाऱ्या सर्व्हिसचा आणखी एक त्रास आहे. तुम्ही तिसरं पेज वाचत असताना कुणी ग्राहक जोडला किंवा काढला तर पुढची सगळी पेजं एका ओळीने सरकतात. एखादा ग्राहक दोनदा येतो, एखादा निसटतो. दोनदा आलेल्यामुळे मर्जमध्ये ओआरए-३०९२६ मिळतो, म्हणून स्टेजिंगमधून मर्जला देताना प्रत्येक ग्राहक क्रमांकाची ताज्यातली एकच ओळ घ्या, रो-नंबरने (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) हे सोपं होतं. निसटलेला ग्राहक एरर देत नाही. तो फक्त पुढच्या पूर्ण फेरीत सापडतो.

पूर्ण फेरी रोज करायची की नाही, हे परिस्थितीवर आहे. १२,००० ग्राहकांसाठी मी सरळ रोज रात्री सगळे आणेन. २४ कॉलसाठी डोकं लावायची गरज नाही. दहा लाख असतील, किंवा दिवसभरात दर पंधरा मिनिटांनी ताजी माहिती हवी असेल, तर "या वेळेनंतर बदललेले" असं मागता यायला हवं. ही सोय आहे का, ते सर्व्हिसवाल्यांना विचारा. असेल तर मागच्या वेळेची खूण, नोंदी आणणं सुरू होताना घ्या, संपताना नको. मधल्या काळात झालेले बदल नाहीतर हरवतात. ती वेळ शक्यतो समोरच्या घड्याळाची घ्या, म्हणजे आलेल्या नोंदींमधली सर्वांत नवी बदल-वेळ. शिवाय दर वेळी दहा मिनिटं मागे जाऊन मागा. काही नोंदी पुन्हा येतील, येऊ द्या, मर्ज त्यांना सामावून घेतो. वेळा बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळ) येतात, त्या टाइमझोनसकटच साठवा. आणि एक विसरू नका: "बदललेले" या यादीत काढून टाकलेले ग्राहक बहुतेक ठिकाणी येत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक पूर्ण फेरी लागतेच.

फसलेला कॉल पुन्हा करताना थोडं सबुरीने. ४२९ किंवा ५०३ सोबत रिट्राय-आफ्टर हेडर आला तर तेवढं थांबायचं. नसेल तर दोन, चार, आठ सेकंद असं वाढवत नेऊन चार-पाच प्रयत्नांनंतर सोडून द्यायचं. ४०१ आला तर बहुधा टोकन (ओळख पटवणारी तात्पुरती किल्ली) संपलं आहे, एकदाच नवं घेऊन पाहायचं. ४०० (रिक्वेस्टच चुकीची) किंवा ४०३ (परवानगी नाही) वर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, तीच रिक्वेस्ट तेच उत्तर देणार. टोकन आणि पासवर्ड पॅकेजच्या कोडमध्ये लिहू नका. सोर्स वाचायची परवानगी जितक्यांना असते, तितक्यांना मग ते मिळतात. लॉगमध्येही ऑथरायझेशन हेडर जाऊ देऊ नका.

जॉब डीबीएमएस-शेड्यूलरवर लावा. आधीची फेरी चालू असेल तर तोच जॉब शेड्यूलर पुन्हा सुरू करत नाही, त्यामुळे दोन फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत. प्रत्येक पेज कच्च्या टेबलात टाकलं की कमिट करा. नेटवर्कची वाट पाहत असताना हातात कुठलंही रो-लॉक (ओळीवरचं कुलूप) असता कामा नये, नाहीतर समोरची सर्व्हिस अडली की तुमचे बाकीचे युजरही अडतात. मर्ज मात्र एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, सगळं किंवा काहीच नाही.

कुणी सुचवेल की ट्रिगरमधून (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमधून) कॉल करा, नवीन बिल आलं की ग्राहक आणा. ते करू नका. एचटीटीपी कॉलला रोलबॅक (केलेलं मागे घेणं) नसतो. शिवाय ओरॅकल काही वेळा अपडेट आतल्या आत पुन्हा सुरू करतं आणि बिफोर ट्रिगर त्याच ओळीसाठी दोनदा चालतो. तुमच्या नकळत दोन कॉल गेलेले असतात.

थेट कॉल योग्य ठरेल अशी एक जागा आहे: एकच ग्राहक, समोर माणूस बसला आहे आणि शिल्लक किंवा उधारीची मर्यादा या क्षणाचीच हवी. तिथे तुमचं फंक्शन ठेवा, पण ते सिलेक्टमध्ये न लिहिता प्रोसिजरमधून एकदाच बोलवा, टाइमआउट तीन सेकंदांवर आणा, आणि उत्तर नाही आलं तर टेबलातली शेवटची नोंद तिच्या वेळेसकट दाखवा. "काल रात्री २ वाजताची माहिती" असं स्क्रीनवर लिहिलेलं असलं की काउंटरवरचा माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो.

तुमचा डेटाबेस ओरॅकल आहे म्हणून हे सगळं त्या भाषेत लिहिलं. एपेक्स (ओरॅकलचंच वेब प्रोग्राम बनवायचं साधन) बसवलेलं असेल तर त्याचं वेब-सर्व्हिस पॅकेज वापरा, मोठं उत्तर ते एकदम क्लॉबमध्ये (मोठ्या मजकुराच्या प्रकारात) देतं. यूटीएल-एचटीटीपीत ३२,७६७ बाइटचे तुकडे वाचून आपणच जोडावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये यासाठी एक्स्टेंशन आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बरीच वर्षं लोक ओएलई ऑटोमेशनची प्रोसिजर वापरत आले, २०२५ च्या आवृत्तीत रेस्ट, म्हणजे वेब सर्व्हिसच्या, कॉलसाठी वेगळी प्रोसिजर आली आहे. टप्पे तिन्हीकडे हेच.

जॉब लिहून तपासायला तुम्हाला काही दिवस लागतील आणि रिपोर्ट तर आज हवा असेल. तोवर एवढं करा: ८,००० बिलांमधले वेगवेगळे ग्राहक क्रमांक आधी एका तात्पुरत्या टेबलात काढा, त्यांच्यावरच एकेकदा कॉल करा, स्टेटस तपासून उत्तर तिथेच साठवा, आणि रिपोर्ट त्या टेबलाशी जोडा. बिलं ८,००० असली तरी ग्राहक त्याहून बरेच कमी असतील. कॉल मध्येच फसला तर जे राहिले तेवढ्यांवरच पुन्हा चालवता येईल. हेच तात्पुरतं टेबल पुढे तुमचं स्टेजिंग टेबल होईल, त्यामुळे ग्राहक क्रमांकावर प्रायमरी की आणि आणल्याच्या वेळेचा कॉलम आजच ठेवा. पुढे अडलात तर सर्व्हिस पेज कशी देते आणि "बदललेले" मागता येतात का, हे दोन तपशील आणि एररचा पूर्ण स्टॅक टाका. टोकन आणि ग्राहकांची नावं त्यातून आधी काढा.